लॉनवरची शतपावली

मॅडमच्या लॉनच्या कोपऱ्यात मी पहिल्यांदा दाताळं ओढलं तेव्हा मोरीच्या जाळीतून केसांचा गुंता ओढावा तसा एक लांब, करडा, ओलसर पट्टा वर आला आणि मला ओकारी आली. वर हिरवं गवत आणि त्याच्याखाली दोन बोटं जाड मेलेल्या गवताचा थर. धड वाळलेला नाही, धड कुजलेला नाही. भिजून आठवडाभर कोपऱ्यात पडलेल्या गोणपाटाचा वास. त्यात पांढऱ्या अळ्या, झुरळांची पिल्लं, सिगारेटची थोटकं आणि गेल्या वर्षीच्या कुठल्यातरी केकवरच्या चंदेरी गोळ्या. वर्ष उलटलं तरी गोळ्या चंदेरीच होत्या.

गोठ्यातलं शेण मी हातानं उचललेलं आहे, मासळी बाजारातल्या गटारावर पाट टाकून बसलेली आहे. त्यातल्या कशानं मला कधी ओकारी आली नव्हती. या थराची किळस वेगळी होती. फोटोत हिरवं दिसावं म्हणून कुणीतरी हे वर्षानुवर्षं पोसलं होतं, आणि पोसणारा माझा बाप होता.

आम्ही नागावला मॅडमच्या बंगल्याच्या मागे, पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत राहायचो. बाबा बंगल्याचा केअरटेकर. पूर्वी त्या जागेवर नारळ-सुपारीची वाडी होती. बंगला आला तेव्हा सुपारी गेली, नारळ कुंपणाला ठेवले आणि मधे मेक्सिकन गवताचं लॉन अंथरलं. त्याला सकाळ-संध्याकाळ विहिरीचं पाणी. वैशाखात खालच्या अंगाच्या दोन घरांच्या विहिरी मचूळ व्हायच्या, त्या घरांतल्या बायका कळशा घेऊन आमच्या फाटकाशी यायच्या, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर बाबा गवतावर पाइप धरून उभा असायचा. कळशा तो भरून द्यायचा, पण पाइप बंद करायचा नाही. मी अलिबागला कॉलेज करून आलेली, गावातल्या वाचनालयात काम करणारी, रोज हे बघायची आणि रोज मनात एक पत्रक लिहायची.

पत्रकं हे आमच्या घरचं दूध होतं. आम्ही मूळचे उत्तरेकडच्या खाडीवरचे, मिठागरातले. मी लहान असताना मिठागरांवर भराव पडायला लागला, आणि तेव्हा आई पत्रकं लिहायची. बारा-पंधरा बायका मिळून ती वाटायच्या. मी अक्षरं त्याच कागदांवर शिकले. शाळेत बाई म्हणाल्या, 'क' कमळातला, तेव्हा मी सांगितलं होतं, 'क' कब्ज्यातला. घड्या घालणं माझं काम. आमच्या पत्रकांत बाजारात सुकट बांधून दिली जायची, त्याचं आईला वाईट वाटत नसे. म्हणायची, मग पहिलं वाक्य असं पाहिजे का सुकट सोडताना वाचलंच पाहिजे. तिचा दुसरा नियम कडक होता. पत्रकात एक वाक्य खोटं असलं की सगळं पत्रक खोटं.

मिठागरं राहिली नाहीत. आता तिथं कंटेनर उभे असतात. बाबा फिरत फिरत नागावला आला आणि मॅडमचा केअरटेकर झाला. आई जवळच्याच एका होमस्टेच्या स्वयंपाकघरात लागली. पत्रकं पेटीत गेली आणि पेटी माझ्या खाटेखाली.

दिवाळीनंतर लॉन पिवळं पडलं. सुरुवातीला चट्टे, मग पट्टेच्या पट्टे. पाणी मारलं की मुरायचं नाही, डबकी होऊन राहायचं, आणि दुपारी त्यावर हिरवट साय धरायची. चालताना पायाखाली आधी गादी लागायची आणि गादीखाली लादी. मॅडमनी व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणीतरी त्यांच्या ताटात थुंकलं. थर्टी फर्स्टला त्यांच्याकडे साठ माणसं येणार होती, आणि ती लॉनवरच बसणार होती.

त्या शनिवारी मॅडम मुंबईहून आल्या त्या लॉनच्या तज्ज्ञाला घेऊनच. गुडघ्यापर्यंतची चड्डी, छातीवर कंपनीचं चिन्ह, चपलांच्या तळाला खिळे. तो लॉनवर असा चालला की मला वाटलं आमच्या छातीवर चालतोय. त्यानं खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि जमिनीत खुपसला. तो बोटाच्या पेराएवढाही गेला नाही. दुसऱ्या जागी, तिसऱ्या जागी, तेच. तो शांतपणे म्हणाला, दोन गोष्टी आहेत. वर मेलेल्या गवताचा थर साठलाय, तो खरवडून काढायला पाहिजे. आणि खाली माती दाबून दगड झालीय, तिला हवा नाही, मुळं गुदमरतायत. मशीननं भोकं पाडून मातीच्या गुल्ल्या बाहेर काढाव्या लागतील. मग मॅडमकडे वळून म्हणाला, की हे एकदा करून भागत नाही, वर्षाचं कंत्राट घ्या, आमचा माणूस इथंच राहील.

इथंच म्हणजे कुठं, हे कुणी विचारलं नाही. टाकीखाली एकच खोली होती.

मॅडम बाबाला म्हणाल्या, "काका, तुमच्यावर राग नाही हं. पण हे प्रोफेशनल काम आहे." त्या 'हं'ची मला इतकी चीड आली की मी दातांनी गालाचं मांस धरून उभी राहिले.

बाबा म्हणाला, "आपन करू ना. मना पंधरा दिवस द्या."

मॅडमनी ते दिले. दयाळू माणसं असंच देतात, घड्याळाकडे बघत.

आता माझी गंमत बघा. ज्या लॉनचा मला जन्मापासून असल्यासारखा तिटकारा, तेच वाचवायला मी दुसऱ्या दिवशी गुडघ्यांवर बसले. मनात घोषणा तयारच होती. आपलं काम आपल्या हातानं. कंपनी म्हणजे लूट. तज्ज्ञ म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय देणारा, चपलेच्या खिळ्यांसकट. मी मोबाइलवर जगभरचे लोक आपापली लॉनं कशी खरवडतात ते बघितलं. बहुतेक सगळे थुलथुलीत गोरे बाप्ये होते आणि सगळे आनंदात होते. त्यांच्या आनंदाचीही मला किळस आली.

खरवडायला वाडीतलं दाताळं पुरलं. एका रविवारी आम्ही तिघांनी अर्धं लॉन ओढलं. त्या करड्या पट्ट्यांचे ढीग कुंपणाशी लागले. शेजारची शेळी आली, तिनं हुंगलं, आणि तोंड फिरवून गेली. आई म्हणाली, "बघ, शेलीला पन अब्रू हाय." हातांना तो वास तीन दिवस राहिला. भाकरी मोडताना यायचा.

भोकांसाठी मी हत्यार केलं. प्लंबरनं टाकून दिलेला लोखंडी पाइपचा तुकडा, फॅब्रिकेटरकडून त्याला खाली धार आणि वर आडवी मूठ. जमिनीवर पाणी मारायचं, थोडं थांबायचं, पाइप रोवायचा, वरून हातोडा, मग पिळून बाहेर. पाइपमधून मातीची गुल्ली निघायची. करंगळीएवढी, करडी, इतकी घट्ट की दगडावर आपटली तरी फुटायची नाही. वाचनालयातून आल्यावर अंधार पडेपर्यंत मी रोज दीड-दोनशे भोकं पाडायची. तळहातांना फोड आले. त्या फोडांचा मला अभिमान होता. पत्रकं वाटणाऱ्यांच्या पायांना फोड यायचे, माझ्या हातांना आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले तर आदल्या दिवसाची भोकं नव्हती.

मला वाटलं माती फुगली असेल. पुन्हा पाडली. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा मी नीट वाकून पाहिलं. भोकं नुसती मिटली नव्हती, कुणीतरी बुजवली होती. वरून हात फिरवला तर गिलाव्यासारखं सपाट लागलं. बाबाला विचारलं, कोण आलं होतं का? तो म्हणाला, कंपनीचा मानूस आलेला, टेपनं मापं घेऊन गेला. लॉनच्या कडेला त्याच्या बुटांचे ठसे होते.

मला आणखी काही लागलं नाही.

मी मॅडमना मेसेज लिहिला. पहिलं वाक्य सुकट सोडताना वाचलंच जाईल असं होतं. एका म्हाताऱ्या माणसाची भाकरी काढून घेण्यासाठी तुमच्या कंपनीनं किती खालची पातळी गाठली ते बघा. पुढे भोकांचा हिशेब, बुटांच्या ठशांचे फोटो, कष्टकऱ्यांचा स्वाभिमान, आणि शेवटी, हे तुमच्या माणसांनी मुद्दाम केलेलं आहे. 'मुद्दाम' मी ठळक केलं. बाबा तेव्हा साठीलाही आला नव्हता, पण म्हातारा जास्त चांगला वाटत होता.

मॅडमनी तो मेसेज तज्ज्ञाकडे पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यानं मला फोन केला. आवाज थकलेला होता. म्हणाला, आमच्याकडून असं होत नाही, पण मॅडम मुंबईच्या जुन्या गिऱ्हाईक आहेत, तेव्हा जो माणूस मापाला आला होता त्याला मी कामावरून थांबवलंय. पालीकडचा होता, चार वर्षं होता माझ्याकडे, नाही म्हणाला, शपथा घेतल्या, पण काय करणार. तुम्हाला त्रास झाला, माफ करा.

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "ठीक आहे." वरिष्ठ अधिकारी म्हणतो तसं. फोन ठेवून मी चहा केला, साखर जास्त घातली. तो चहा मला आजही आठवतो आणि आठवला की त्या लॉनखालच्या थराचा वास येतो. मला जिंकल्यासारखं वाटलं होतं. एक माणूस घरी बसला आणि मला गोड लागलं.

पुढच्या गुरुवारी वाचनालयात वायरिंगचं काम निघालं म्हणून मी दुपारीच घरी आले. आई होमस्टेत. फाटक लोटून मी नारळांच्या सावलीत शिरले आणि मला बाबा दिसला.

तो शतपावली करत होता. जेवणानंतर लॉनवर शतपावली करायची त्याची जुनी सवय. मी सुट्टीत घरी असले की खिडकीतून तो कडेनं जाताना दिसायचा, हात मागे बांधलेले, मान खाली. मला वाटायचं जेवण पचवतोय. आज मी जवळून बघत होते. पँट पोटऱ्यांपर्यंत दुमडलेली, पाय अनवाणी. तो पुढे चालत नव्हता, आडवा सरकत होता, खेकड्यासारखा. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या टाचेला भिडवून, तसूभरही जागा न सोडता. टाच टेकायची, अंगाचा सगळा भार त्यावर, किंचित पीळ, मग पुढची. मधे माझं एक भोक आलं. बाबानं ते बघितलंही नाही. त्याच्या टाचेला ते सापडलं. टाचेनं कडेची माती आत लोटली, पीळ दिला, पंज्यानं वरून पुसून घेतलं आणि तो पुढे सरकला.

मी नारळाआड उभी राहिले. माझी आदल्या संध्याकाळची तीन-चार भोकं त्यानं तेवढ्यात मिटवली.

"बाबा, काय करतोयस?"

"चालतोय."

"भोकं का बुजवतोस?"

नळ का बंद केलास असं विचारल्यासारखं त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मग काय उघरी ठेवू? पानी पलून जाईल ना सगला."

मग तो मला समजावायला लागला, शाळेतल्या पोरीला समजावावं तसं. मिठागरात खाडीचं पाणी कोंडीत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यात घेतात, ते उन्हात आटलं की मीठ उरतं. कोंडीचा तळ पाणी प्यायला लागला तर मीठ कुठून येणार? म्हणून मोसम सुरू व्हायच्या आधी तळ पायांनी बसवायचा. आडवं सरकत, टाचेला टाच. त्याच्या बापानं त्याला शिकवलं तेव्हा मधे बोटभर जागा राहिली म्हणून पोटरीवर फोक मारला होता. अख्ख्या खाडीवर बाबाची कोंडी सगळ्यात उशिरा गळायची. लांबून माणसं बघायला यायची. चार वर्षं तो या लॉनवर रोज दुपारी तेच करत होता. शिवाय मॅडम यायच्या आदल्या दिवशी पाणी शिंपडून चोपण्यानं चोपायचा. जमीन सपाट पाहिजे, घट्ट पाहिजे, पाय रुतला तर ज्यानं बसवली त्याची लाज. मी भोकं पाडते ते त्याला दिसत होतं. त्याला वाटलं, मोबाइलात बघून पोरगी कायतरी हवा घालते, घालू दे. हवा एक दिवस पुरे झाली. मग बुजवायला पाहिजेच.

"मना वाटलं तुला म्हाईत हाय," तो म्हणाला. "भोक पारायचा आनि बुजवायचा. दाताचा डाक्टर करतो तसा."

म्हणजे तज्ज्ञ खरं बोलला होता. माती दाबून दगड झाली होती. ती आमच्या पिढ्यांनी शिकवलेल्या पायांनी दाबली होती. वरचं गवत मरत होतं, खालच्या घट्ट जमिनीवर त्याचा थर साचत होता, आणि बाबा त्या थरावरून रोज दुपारी आडवा सरकत होता. मी त्याला सांगितलं. एकदम नाही सांगता आलं. गवताला खाली पाणी लागतं, मुळांना हवा लागते, असं करत करत सांगितलं. तो ऐकत राहिला. मग नळाशी गेला, पाय धुतले, नेहमीपेक्षा जास्त वेळ धुतले.

"चार वरसं मना कुनी सांगितला का नाय?" एवढंच म्हणाला.

मी चार वर्षं त्या लॉनचा तिरस्कार केला होता. एकदाही त्यावर वाकून बघितलं नव्हतं.

आई आल्यावर तिला सगळं सांगितलं, आणि त्या पालीकडच्या माणसाचंही सांगितलं. ते मी तोवर घरात बोलले नव्हते. आई हातातली पिशवी न ठेवताच उभी राहिली. मला वाटलं ती ओरडेल. तिनं विचारलं, मला सरपंचाचं पत्रक आठवतं का.

आठवत होतं. गावच्या सरपंचानं भरावाला संमतीची सही दिली असं आईनं एका पत्रकात लिहिलं होतं. त्यानं दिली नव्हती. माणूस वाईट होता, पण सही त्याची नव्हती. आईला कळलं तेव्हा तिनं दुसरं पत्रक काढलं. मागच्या पत्रकात आम्ही चुकीचं लिहिलं, सही सरपंचांची नव्हती. एवढंच. आणि ज्या ज्या घरी पहिलं दिलं होतं त्या त्या घरी ते हातानं नेऊन दिलं. मी दहा वर्षांची, गठ्ठा माझ्या डोक्यावर. लोक हसले. सरपंच पण हसला. सगळ्यात जास्त तोच हसला. त्या हसण्याचा राग मी इतकी वर्षं जपून ठेवला होता, आणि आईनं ते पत्रक का काढलं याचा कधी विचार केला नव्हता.

मी म्हणाले, "खरं सांगितलं तर खोली जाईल."

"ती खोली आपली कवा व्हती?" आई म्हणाली आणि पिशवीतली मेथी निवडायला बसली.

दुसरा मेसेज लिहायला मला पहिल्यापेक्षा चौपट वेळ लागला आणि तो चार ओळींचा झाला. भोकं कंपनीच्या माणसानं बुजवलेली नाहीत. आमच्या घरात बुजवली गेली. मी न बघता आरोप केला. त्या माणसाला परत कामावर घ्यावं. तज्ज्ञालाही तोच पाठवला. त्यानं नुसता अंगठा पाठवला, आणि मला तेवढंच मिळायला हवं होतं.

रविवारी मॅडम आल्या. मी बोलायला पुढे झाले तर बाबानं मला हातानं मागे केलं.

"मॅडम, लॉन मीच मारला," तो म्हणाला. "पायानं. त्या मानसाचा काय दोष नाय. पोरीचा पन नाय."

मॅडमना कळेना. बाबानं मिठागराचं सांगितलं. कोंडी, टाच, चार वर्षं. मला वाटलं आता त्या ओरडतील, आणि ओरडल्या असत्या तर किती बरं झालं असतं. त्या हसल्या. मनापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी फोन काढला.

"काका, एकदा करून दाखवा ना. सो क्यूट. थांबा, उजेडात या."

मी म्हणाले, "बाबा, नको." पण त्यानं पँट दुमडायला घेतली होती. खोली जाणार हे त्याला माहीत होतं, आणि तरी तो पिवळ्या गवतावर जाऊन उभा राहिला, हात मागे बांधले, आणि आडवा सरकू लागला. मॅडम फोन धरून त्याच्याबरोबर मागे मागे सरकत होत्या आणि हसू दाबत होत्या. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. पायाकडेही बघत नव्हता. खाडीवर बघायचा तसा लांब कुठंतरी बघत होता. मी टाकीमागे गेले. त्या थरातल्या अळ्या बऱ्या. त्या निदान हसत नाहीत.

कंत्राट झालं. खोली थर्टी फर्स्टपर्यंत, कारण पार्टीला फाटकावर माणूस लागणार होता. त्यानंतर कंपनीचा माणूस. तोपर्यंत काकांनी लॉनवर चालायचं नाही. मॅडमनी हे अगदी गोड आवाजात सांगितलं, लाडक्या कुत्र्याला सोफ्यावर चढू नको सांगतात तसं.

मशीन आलं त्या दिवशी मी मुद्दाम घरी थांबले, कारण पालीकडचा तो माणूस बरोबर असेल असं तज्ज्ञानं कळवलं होतं. तो होता. काटकुळा, माझ्यापेक्षा थोडा मोठा. मी त्याच्यासमोर गेले आणि तयार केलेली सगळी वाक्यं विसरले. माझं चुकलं, एवढं म्हणाले. तो मशीनचा पट्टा आवळत होता. त्यानं वर बघितलं नाही.

"ताई," तो म्हणाला, "आज संध्याकाळी भोकं मोजून ठेवा."

मी ते घेतलं. माफी मागणं भाग होतं, तसं हे घेणंही भाग होतं.

मशीन सुरू झालं आणि लॉनवर उड्या मारायला लागलं. खरंच उड्या. पोकळ दाते जमिनीवर आपटायचे आणि मशीन उचललं जायचं. दहा-बारा हात गेलं असेल, एक दाता वाकला. तज्ज्ञानं ते बंद केलं, घाम पुसला, आणि म्हणाला की मुंबईत क्रिकेटची मैदानं केलीत, पण अशी जमीन नाही बघितली. रोलरनं केलीय का?

बाबा फाटकाशी स्टुलावर बसला होता. त्याला लॉनवर यायची मनाई होती म्हणून तिथूनच बोलला. पानी भरून ठेवा दोन दिस, म्हणाला. बांध घाला कडेनं. तिसऱ्या दिवशी सोडून द्या, मग अर्धा दिवस उन्हं खाऊ द्या. कोंडी उकलायची ती अशीच. ओली असताना मशीन घातलात तर रेंदा होईल, नुसता चिखल. वाळल्यावर घातलात तर हे असं.

त्यांनी तसंच केलं. विहीर दोन दिवसांत तळाला गेली, आणि खालच्या घरांतल्या बायकांना हिवाळ्यातच कळशा घेऊन यावं लागलं. तेही मी बघितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मशीन पुन्हा घातलं आणि या खेपेला दाते आत गेले. मागे गुल्ल्यांचा सडा पडत गेला. पालीकडच्या माणसानं त्यातली एक उचलली, बोटांत धरून दाबली, दोन्ही हातांनी दाबली. फुटेना. तो फाटकापर्यंत आला आणि बाबाच्या हातावर ती ठेवली.

बाबानं ती उजेडात धरून फिरवली. आडव्या बारीक रेघा दिसत होत्या, एकावर एक, पानं चिकटवल्यासारख्या. "कसा बसवलाय बघ," तो त्या माणसाला म्हणाला. तो माणूसही मान हलवून बघत राहिला. दोघांनी मिळून बघितलं. मला कुणी दाखवलं नाही.

जाताना तज्ज्ञानं बाबाला विचारलं, आमच्याकडे येता का, हात चांगला आहे तुमचा, मशीन शिकवू. मला वाटलं सुटलो. बाबा म्हणाला, "भोका पारायला? नाय बा." आणि फाटक उघडून धरलं.

मला त्या क्षणी त्याचा राग आला. पण पेटीतल्या सगळ्या पत्रकांत मिळून जेवढा बाणा नसेल तेवढा त्या 'नाय बा'मध्ये होता, हे मला नाकारता आलं नाही.

थर्टी फर्स्टला साठ माणसं आली. अंगभर भोकं पडलेल्या लॉनवर कंपनीनं बारीक वाळू पसरली होती आणि तिच्यातून कुठं कुठं हिरवं फुटलं होतं. मॅडमनी त्यावर प्लॅस्टिकचं हिरवं गवत अंथरलं. भाड्यानं आणलं होतं. एवढं सगळं होऊन शेवटी माणसं प्लॅस्टिकवर बसली, केक कापला, आणि चंदेरी गोळ्या सांडल्या.

आम्ही आता होमस्टेच्या मागच्या पडवीत राहतो. बाबा तिथले नारळ बघतो. परवा तो व्हिडिओ माझ्याकडे फिरत फिरत आला, कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर. खाली ढोलकीचं संगीत, वर डोळ्यांतून पाणी गळणारे हसरे चेहरे, आणि मजकूर, कोकणी मूनवॉक. कुणाला माहीत नव्हतं तो माझा बाप आहे. मी लिहायला घेतलं, पहिलं वाक्य तयार होतं, सुकट सोडताना वाचलंच गेलं असतं. बाबा मागे येऊन उभा राहिलेला मला कळला नाही.

"आवाज बंद कर," तो म्हणाला.

मी बंद केला. त्यानं फोन माझ्या हातातून घेतला आणि चष्मा नाकावर खाली ओढून बघितलं. संपलं. पुन्हा लाव म्हणाला. पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा एका जागी त्यानं बोट ठेवलं, व्हिडिओ थांबला.

"इकरं जागा रायली," तो म्हणाला. "डाव्या टाचंला. बापानं फोक मारला असता."

मग विचारलं, हे ठेवता येतं का, जाणार नाही असं. मिठागरात कुणाकडे कॅमेरा नव्हता. पायांनी तळ बसवतानाचा एकही फोटो नाही कुणाचा.

मी तो व्हिडिओ फोनमध्ये ठेवला. ढोलकीसकट, हसऱ्या चेहऱ्यांसकट, कारण ते काढून टाकायची रीत मला माहीत नाही. अजून कुणाला विचारलेली नाही.